कुत्र्याला साप चावला तर: पॉलीव्हॅलंट प्रतिविषाच्या व्हायलचे परीक्षण

कुत्र्यांसाठी म्हणून वेगळे सर्पविष प्रतिविष आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. पशुवैद्यक वापरतात ती माणसांसाठी बनवलेलीच व्हायल. तिला सगळे एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात. हाफकिन, भारत सीरम्स, नारायणगावची प्रीमियम सीरम्स, विन्स, बायोलॉजिकल ई ही उत्पादकांमधली ठळक नावे. लेबल कोणाचेही असो, आतला माल एकाच तत्त्वाचा असतो. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काढतात, पेप्सिनने त्यांचा नको असलेला भाग तोडतात आणि उरलेले सुकवून पावडर करून बाटलीत भरतात. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचे नसून या मालाचे आहे. कुत्र्यावर वापरताना तो कुठे चोख काम करतो आणि कुठे माणसे त्याच्याकडून नको ती अपेक्षा धरून बसतात, ते पाहू.

खोक्यात दोन वस्तू असतात. एक पांढरट पावडरची बंद व्हायल आणि दुसरी 10 मिली निर्जंतुक पाण्याची कुपी. हेच औषध द्रवरूपातही येते, पण ते कायम 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. जिथे पावसाळ्यात दिवसदिवस वीज नसते तिथे द्रवाच्या वाटेला जाऊच नये. पावडर फ्रिजबाहेर तग धरते आणि जास्त वर्षे टिकते, तरी लेबलवर छापलेले तापमान पाळावे लागते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली व्हायल विश्वासाची राहत नाही. घेताना तीन गोष्टी बघा: मुदत, पाण्याची कुपी सोबत आहे का, आणि पावडर कोरडी सुटी आहे का. पावडर ओलसर होऊन काचेला चिकटली असेल तर परत करा.

लेबलवरची सर्वांत महत्त्वाची ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. एक मिली औषध नागाचे 0.6 मिलिग्रॅम, मण्यारीचे 0.45, घोणसाचे 0.6 आणि फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे 10 मिलीची पूर्ण व्हायल घोणसाच्या 6 मिलिग्रॅमला पुरते. भारतातल्या उपचार पद्धतीत घोणस एका चाव्यात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते असे धरलेले आहे, प्रत्यक्षात 5 ते 147 पर्यंत काहीही. माणसाला सुरुवातीलाच दहाएक व्हायल लावतात ते याच हिशेबाने. आता कुत्र्याकडे या. सापाला समोरचा प्राणी किती किलोचा आहे याच्याशी देणेघेणे नसते. पोमेरेनियन असो की ग्रेट डेन, विष तेवढेच उतरते. म्हणून एएसव्हीचा डोस वजनावर ठरत नाही. उलट पाच किलोच्या कुत्र्याच्या अंगात किलोमागे विष जास्त असते, म्हणून त्याला मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी व्हायल देणे हे उलटे गणित आहे. वजनावर ठरते ते एवढेच, की औषध किती सलाईनमध्ये मिसळायचे.

व्यवहारात कुत्र्यांना सुरुवातीला दोन ते पाच व्हायल दिल्या जातात. कारण सरळ आहे: पैसे आणि त्या दिवशी मेडिकलमध्ये असलेला साठा. सरकारी दवाखान्यातले मोफत एएसव्ही माणसांसाठी आहे, कुत्र्याची व्हायल खिशातूनच येते आणि पाच व्हायल म्हटल्या की आकडा हजारांत जातो. एवढ्यावर अनेक कुत्री वाचतातही. साप प्रत्येक वेळी पूर्ण विष सोडत नाही, आणि कधी कधी विष न सोडता कोरडाच चावतो. पण एक व्हायल लावून ‘इंजेक्शन दिले आहे’ म्हणत घरी पाठवणे याला उपचार म्हणता येणार नाही. घोणसाच्या चाव्यात एका व्हायलने निकाल लागला, तर बहुधा विषच फार गेले नव्हते असे समजावे.

पॉलीव्हॅलंट, म्हणजे अनेक सापांच्या विषावर चालणारे, असण्याचा मोठा फायदा मान्य केलाच पाहिजे. चारही सापांवर एकच औषध, त्यामुळे साप ओळखण्यासाठी खोळंबायचे कारण नाही. काठी घेऊन सापामागे धावण्यात वेळ जातो, दुसरा दंश होतो, आणि तुटलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी कुत्र्याची लक्षणे पुरेशी बोलतात. घोणस असेल तर चाव्याची जागा तासाभरात टम्म सुजते, कुत्रे हात लावू देत नाही, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दिसू लागते. फुरशातही रक्त गोठण्याचे बिघडते, सूज तुलनेने कमी. नागाच्या चाव्यात सूज आणि लुळेपणा दोन्ही: पापण्या जड, लाळ गळते, मान धरवत नाही, मग श्वास उथळ. मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री चावते, सूज जवळजवळ नसते, दातांच्या खुणा केसांत सापडत नाहीत, आणि सकाळी अंगणात कुत्रे मागच्या पायांनी लडखडताना दिसते. मालक म्हणतो, काहीतरी खाल्ले असेल.

हे औषध कुठे चालत नाही, तेही सांगायला हवे. सह्याद्रीतला हिरवा चापडा, गोवा आणि तळकोकणातला नागराज, किनाऱ्यावरचे समुद्री साप यांच्यासाठी ते बनलेलेच नाही. चापड्याच्या चाव्याला वेदनाशामक, सलाईन आणि सुजेवर लक्ष एवढेच करायचे असते, तिथे महागडी व्हायल फोडून हाती काही लागत नाही. दिवड, धामण, कवड्या, डुरक्या घोणस यांच्या चाव्यात तर ती देणे चूकच. कवड्या मण्यारीसारखा दिसतो आणि डुरक्या घोणस नावामुळे बदनाम. घाबरून ‘खबरदारी म्हणून’ एएसव्ही लावले, तर विषाचा धोका नसलेल्या कुत्र्याला घोड्याच्या प्रथिनाच्या रिॲक्शनचा धोका मात्र विकत घेऊन दिला जातो. लक्षण नसेल तर व्हायल जवळ ठेवायची, शिरेत सुई लावून ठेवायची आणि चोवीस तास बघत राहायचे.

दुसरा गोंधळ उंदराच्या औषधाचा. त्यानेही रक्त गोठत नाही आणि नाकातून रक्त येते. पण त्यात एका जागी वाढत जाणारी दुखरी सूज नसते, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यावर एएसव्ही नाही, व्हिटॅमिन के लागते. गोचीड तापातही प्लेटलेट उतरून रक्तस्राव होतो. शेतावरच्या कुत्र्यात हे तिन्ही शक्य असतात, म्हणून मालकाने ‘साप दिसला’ म्हटले तरी तपासणी टाळू नये.

ती तपासणी स्वस्त आहे. पायाच्या शिरेतून 2 मिली रक्त काढायचे, कोऱ्या, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घालायचे आणि 20 मिनिटे हात न लावता ठेवायचे. मग ट्यूब एकदा तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे धरून चाला आणि एएसव्ही सुरू करा. निरोगी कुत्र्याचे रक्त त्याच्या बरेच आधी गोठते. ही चाचणी बिघडते ती तीनच कारणांनी. प्लास्टिकची ट्यूब वापरली, साबणाने धुतलेली काच वापरली, किंवा मधेमधे हलवून पाहिली. शंका असेल तर शेजारी निरोगी कुत्र्याच्या रक्ताची दुसरी ट्यूब लावा. रक्त मानेच्या मोठ्या शिरेतून काढू नका. रक्त गोठत नसेल तर तिथे दाब देऊन रक्तस्राव थांबवणे जमत नाही. याच कारणाने अशा कुत्र्याला स्नायूत उगाच सुया टोचायच्या नसतात.

आता व्हायल प्रत्यक्ष वापरताना काय होते ते. पावडरमध्ये पाणी सोडल्यावर ती लगेच विरघळत नाही. काही मिनिटे दोन तळहातांत धरून हळू फिरवत राहावे लागते. घाईत जोरजोरात हलवली की फेस येतो, प्रथिन खराब होते आणि सिरिंजमध्ये अर्धा फेसच येतो. पाच व्हायल एकट्याने विरघळवत बसलात तर मौल्यवान वेळ जातो, म्हणून दोन माणसे लावा. मालकाच्या हातातही एखादी देता येते, त्याचेही हात थरथरायचे थांबतात. द्रव स्वच्छ दिसला पाहिजे. गढूळ राहिला किंवा कण तरंगत असतील तर ती व्हायल बाजूला. विरघळवलेली व्हायल उद्यासाठी ठेवता येत नाही.

लॅब्रॅडॉरच्या आकाराच्या कुत्र्याला पाच व्हायलचे 50 मिली औषध नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून एकूण 200 मिली करून तासाभरात देता येते. पाच किलोच्या कुत्र्याला एवढे पाणी चढवले तर फुप्फुसात पाणी होईल, तिथे एकूण 50 मिलीच्या आसपास थांबावे लागते. साध्या सलाईन सेटमधून 20 थेंब म्हणजे 1 मिली. पहिली दहा मिनिटे मिनिटाला 10 ते 15 थेंबच, आणि नजर थेंबांवर नको, कुत्र्यावर हवी. काही झाले नाही तर वेग वाढवून तासाभरात संपवायचे. चाव्याच्या जागेभोवती एएसव्ही टोचायची जुनी सवय अजून दिसते. त्याचा उपयोग नाही, आधीच ताणलेल्या सुजेत आणखी दाब वाढतो. स्नायूत दिलेले एएसव्हीही फार सावकाश आणि अपुरे पोचते. शिरेला पर्याय नाही.

या मालाचा खरा दोष म्हणजे रिॲक्शन. घोड्याचे प्रथिन असल्याने ती कधीही येऊ शकते, आणि आधी त्वचेवर थेंब टोचून करायची ‘टेस्ट डोस’ची पद्धत ती ओळखू शकत नाही. टेस्ट डोस कोरा निघालेल्या कुत्र्याला रिॲक्शन येते, आणि टेस्टमध्ये लाल झालेले सुखरूप राहते. त्यात वेळच जातो. कुत्र्यातली ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र रिॲक्शन, माणसासारखी दिसत नाही, हे माणसांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन उपचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. कुत्र्यात आधी उलटी, अचानक पातळ शी, हिरड्या फिक्या, मग कोसळणे. पोटाच्या उघड्या कातडीवर गांधी उठतात. तोंडावर चावा असेल तर ओठ चाव्याने सुजले की रिॲक्शनने, हे कळत नाही. म्हणून सलाईन सुरू करण्याआधी सुजेचा फोटो काढून ठेवणे सोपे आणि उपयोगी.

उपाय ॲड्रेनलिन. 1 मिलीत 1 मिलिग्रॅम असलेली नेहमीची कुपी, किलोमागे 0.01 मिली, मांडीच्या स्नायूत. वीस किलोच्या कुत्र्याला 0.2 मिली. ही सिरिंज एएसव्ही सुरू करण्याआधी भरून, कुत्र्याचे वजन लिहून, ट्रेमध्ये असली पाहिजे. स्नायूत सुई नको हा वरचा नियम इथे बाजूला ठेवायचा. एएसव्ही तात्पुरते बंद, ॲड्रेनलिन, कुत्रे सावरले की पुन्हा सावकाश सुरू. रिॲक्शन आली म्हणून एएसव्ही कायमचे थांबवले, तर विष आपले काम चालू ठेवते. एव्हिल (ॲलर्जीचे इंजेक्शन) आणि स्टिरॉइड आधी देण्याची पद्धत आहे, पण त्यांच्या भरवशावर ॲड्रेनलिन बाजूला ठेवू नये. थंडी वाजून ताप येणे वेगळे. तो बहुधा तासादोन तासांत येतो, वेग कमी केला की बसतो.

पहिला डोस पुरला की नाही, हे सहा तासांनी कळते. विष निष्प्रभ झाले तर यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. सहा तासांनी पुन्हा 20 मिनिटांची ट्यूब. अजून गोठत नसेल तर आणखी व्हायल. दर तासाला चाचणी करून दर तासाला औषध ओतणे हे पैसे जाळणे आहे. उलट, ‘चावून एक दिवस झाला, आता एएसव्हीचा उपयोग नाही’ हेही चूक. जोवर रक्त गोठत नाही, तोवर घोणसाचे विष फिरते आहे आणि औषध द्यायला अर्थ आहे.

इथे अपेक्षांचा प्रश्न येतो. एएसव्ही रक्तात फिरणारे विष पकडते. जे बिघडले ते दुरुस्त करत नाही. काळी पडलेली कातडी परत येत नाही, सूज लगेच उतरत नाही, मूत्रपिंडाला बसलेला मार भरून निघत नाही. घोणसाच्या कुत्र्याची लघवी मोजली पाहिजे: किलोमागे तासाला निदान 1 मिली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही बघा. पहिल्या दिवशी शेपूट हलवणारे कुत्रे तिसऱ्या दिवशी उलट्या करत परत येते, ते बहुतेक मूत्रपिंडामुळे. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम देऊ नका, रक्त आणि मूत्रपिंड दोन्हींवर तो भार आहे. ट्रॅमाडॉल किंवा ब्युटॉर्फेनॉल बरे.

मण्यारीत तर एएसव्हीची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते. तिचे विष मज्जातंतूच्या टोकाचाच नाश करते. एकदा लुळेपणा आला की किती व्हायल घातल्या तरी ते टोक नव्याने तयार व्हायला दिवस लागतात, आणि तोवर कुत्र्याला श्वास द्यावा लागतो. घशात नळी, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), मिनिटाला दहा-बारा वेळा दाब, ऑक्सिजन. हे तासन्‌तास, कधी दिवसदिवस. जिथे माणसे आळीपाळीने बॅग दाबायला तयार असतात तिथे मण्यारीचे कुत्रे वाचते. पूर्ण लुळे पडलेले कुत्रे शुद्धीत असते, ऐकू येते, हे बॅग दाबणाऱ्याला माहीत असावे. नागाच्या चाव्यात चित्र वेगळे. तिथे ॲट्रोपिनच्या जोडीने निओस्टिग्मिन, किलोमागे 0.04 मिलिग्रॅम, बऱ्याचदा अर्ध्या तासात पापण्या उघडवते. फरक पडला नाही तर मण्यारीचा संशय बळावतो, आणि मग तेच औषध पुन्हा पुन्हा देत बसू नये.

मग फार्महाऊसवर दोन व्हायल आणून ठेवाव्यात का? कर्जत, मुरबाड, मुळशीकडे हा प्रश्न हमखास येतो. उत्तर अर्धवट हो. व्हायल मिळत नाही म्हणून खोळंबा होण्यापेक्षा ती स्वतःच्या पिशवीत दवाखान्यात नेणे चांगले, आणि न्यायची तर पाच न्या. पण घरी, ॲड्रेनलिन आणि श्वासाची सोय नसताना, मालकाने स्वतः ती शिरेत सोडणे धोक्याचे. त्याऐवजी पावसाळ्याआधी जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: रात्री कोणी असते का, एएसव्ही साठ्यात असते का, किती व्हायल, आणि घशात नळी घालून श्वास देण्याची सोय आहे का. चौथ्याला ‘नाही’ असेल तर मण्यारीसाठी वेगळा दवाखाना शोधून ठेवा. 1962 ही फिरत्या पशुवैद्यकीय सेवेची हेल्पलाइन आहे, पण गाडीत एएसव्ही असेलच असे धरून थांबू नका.

वाटेत करायच्या गोष्टी मोजक्या. पट्टा आणि हार्नेस काढा, तोंडावर चावा असेल तर मिनिटागणिक गळा सुजतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. तोंडाला जाळी बांधू नका, उलटी झाली तर गुदमरेल. फोनवर चावल्याची वेळ आणि वजन सांगा, म्हणजे पोचेपर्यंत तिकडे पावडर विरघळवायला घेता येईल. दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, बर्फ, तूप पाजणे, मिरची खायला घालून बघणे, हे सगळे बाद. सक्शन पंपाचे किट ऑनलाइन विकले जातात. ते विष काढत नाहीत, कातडी तेवढी खराब करतात. ‘सर्पदंशावर’ लिहिलेले तोंडावाटे द्यायचे थेंबही त्याच रांगेत.

पावडरची ही व्हायल, योग्य कुत्र्याला, शिरेतून, पुरेशी दिली तर तिच्या किमतीला तोड नाही. फक्त ती विकत घेताना तिच्याबरोबर दवाखान्यातले सहा तासही घ्यावे लागतात, आणि घोणस असेल तर तीन दिवस.

घरी परत नेल्यावर पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान ताप, सांधे धरणे, गांधी उठणे असे झाले तर ती सीरम सिकनेस, साप पुन्हा चावलेला नाही. थोड्या दिवसांच्या औषधाने ती बसते. एएसव्हीचा बॅच नंबर, तारीख आणि किती व्हायल दिल्या ते लसीकरणाच्या पुस्तकात लिहून घ्या. पुढे कधी घोड्याचे कोणतेही सीरम, धनुर्वाताचे धरून, द्यायची वेळ आली तर ते पान आधी दाखवायचे. दुसऱ्या खेपेला रिॲक्शनची शक्यता जास्त असते.